ग्रोटेस्क म्हणजे विद्रूप नव्हे! रोमच्या ‘गुहे’तली नक्षी आणि आपली सावंतवाडीची गंजिफा

सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाचा मत्स्य अवताराचा पत्ता पाहिलाय? कमरेच्या वर देव, खाली मासा. नरसिंहाला सिंहाचं तोंड, वराहाला रानडुकराचं. आपल्याला यात काहीच विचित्र वाटत नाही. पण माणूस, प्राणी आणि वेल यांची अशीच सरमिसळ करणाऱ्या युरोपातल्या एका नक्षीचं नाव आज ‘ओंगळ’, ‘विद्रूप’ या अर्थाने वापरलं जातं : ग्रोटेस्क. असं का झालं?

नाव कुठून आलं?

इ.स. 64 मध्ये रोमला भीषण आग लागली. त्यानंतर सम्राट नीरोने ‘डोमुस ऑरिया’ म्हणजे सुवर्णमहाल बांधायला घेतला. 68 मध्ये नीरो गेला. पुढे महालाच्या खोल्या मातीने भरून त्यावर सम्राट ट्राजनची स्नानगृहं उभी राहिली.

1480च्या सुमारास जमिनीखालच्या या रंगवलेल्या खोल्या लोकांना सापडल्या. खोल्या भरलेल्या असल्याने छत अगदी हाताशी आलं होतं. चित्रकार दोरीने खाली उतरायचे, मशालीच्या उजेडात नक्षी उतरवून घ्यायचे. काहींनी तिथे आपली नावंही कोरून ठेवली आहेत.

इटालियन भाषेत गुहेला ‘ग्रोत्ता’ म्हणतात. म्हणून ही नक्षी ‘ग्रोत्तेस्का’, म्हणजे ‘गुहेतली’. विद्रूप हा अर्थ नंतर चिकटला.

या नक्षीत असतं काय?

मधोमध बारीक दांडा, दोन्ही बाजूंना सारखी रचना. वेलीतून माणूस उगवतो, त्याच्या पायांची पानं होतात, फुलातून पक्षी निघतो. खांब, कमान, छत, कुठेही ती बसते, कारण तिला कथा लागत नाही. सिएना शहरातल्या ग्रंथालयासाठी पिंतुरिक्योशी 1502 मध्ये झालेल्या करारातच या नक्षीचा उल्लेख आहे. 1519 पर्यंत राफाएलच्या हाताखाली जोवान्नी दा उदिने आणि इतरांनी व्हॅटिकनच्या सज्जात ती भरून टाकली.

मग विरोध का?

विरोध नीरोच्याही आधीचा आहे. इ.स.पूर्व पहिल्या शतकात वास्तुकार विट्रुव्हियसने तक्रार केली होती, की बोरूच्या काडीवर छप्पर कसं उभं राहील? जे असूच शकत नाही ते रंगवायचं कशाला? 1582 मध्ये कार्डिनल पालेओत्ती यांनीही चर्चमधल्या अशा चित्रांवर टीका केली. ‘अर्थ काय?’ या प्रश्नाला या नक्षीकडे उत्तर नव्हतं.

आपल्याकडे काय वेगळं?

आपल्याकडे उत्तर असतं. देवाच्या प्रभावळीच्या टोकाला किंवा देवळाच्या उंबऱ्यावर डोळे वटारलेलं कीर्तिमुख बघा. पुराणकथेनुसार, शंकराच्या क्रोधातून जन्मलेल्या भुकेल्या जीवाने देवाच्या आज्ञेने स्वतःचंच शरीर खाल्लं, फक्त तोंड उरलं. प्रसन्न होऊन शंकराने त्याला दारावर मानाची जागा दिली. गंजिफातलंही तसंच आहे : मत्स्य अर्धा मासा का, हे घरातली आजीसुद्धा सांगेल.

गोव्यात तर दोन्ही परंपरा एकत्र आल्या. पोर्तुगीज काळातल्या लाकडी कपाटांचे पाय अर्धी स्त्री, अर्धा नाग अशा आकाराचे कोरलेले आहेत. युरोपातली मत्स्यकन्या म्हणा, नाहीतर आपली नागीण, दोन्ही बसतात.

आज याचं काय?

नक्षीचा अर्थ विसरला, की ती आधी विचित्र वाटते आणि मग नकोशी होते. सावंतवाडीची गंजिफा अशीच संपत आली होती. 1970च्या दशकात राजे शिवरामराजे आणि राणी सत्त्वशीलादेवी भोसले यांनी ती राजवाड्यात पुन्हा उभी केली, म्हणून आज पत्ते रंगवणारे हात आहेत.

गावच्या देवळाचा जीर्णोद्धार निघेल तेव्हा हे आठवा. जुन्या खांबावरच्या त्या ‘विचित्र’ तोंडावर ऑइलपेंट फिरण्याआधी त्याचा फोटो काढा आणि गावातल्या जाणत्यांना त्याची गोष्ट विचारा.