माठ आणि हौद

मे महिन्यात भर दुपारी बारामतीच्या एमआयडीसीतून गेलं, तर पत्र्याच्या शेडांवरची हवा थरथरताना दिसते. पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो. अशा जागी, वर आडोसा नसलेल्या हौदात, वीतभर पाण्यात शेवाळ पिकवायचं म्हटलं की ऐकणारा आधी हसतो आणि मग हमखास विचारतो, "अहो, उकडून मरेल की ते!"

उत्तर त्याच्याच घरात, तिवईवर असतं. माठातलं पाणी मेमध्ये गार का होतं? माठ पाझरतो, पाझरलेलं पाणी कोरड्या वाऱ्याने उडतं आणि उडताना आतली उष्णता घेऊन जातं. उघड्या हौदाचंही तेच होतं. हवा बेचाळीस अंशांची असली तरी ती कोरडी असेल, तर उथळ पाणी हवेपेक्षा बरंच गार राहतं. इकडे ज्याची सर्वांत जास्त चर्चा होते त्या स्पिरुलिना नावाच्या शेवाळाला तीस ते सदतीस अंशांचं पाणी मानवतं. म्हणजे बारामतीचं ऊन त्याच्या बेताचं आहे. कोकणात, दमट हवेत, माठही नीट गार होत नाही आणि हौदही.

बारामती काही वाळवंट नव्हे, हेही आधी सांगून टाकतो. हा पर्जन्यछायेतला टापू. वर्षाकाठी पाच-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि उघड्या पाण्यातून त्याच्या कितीतरी पट पाणी हवेत जातं. दुष्काळ, उष्णता, खारवट जमीन या ताणांचा अभ्यास करण्यासाठी भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने 2009 साली अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था काढली, ती माळेगाव खुर्दच्या खडकाळ माळावर. जागेची ही निवडच पुरेशी बोलकी आहे. त्यामुळे इस्रायलच्या आराव्हा खोऱ्यात किंवा कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल व्हॅलीत जमलेलं सूक्ष्मशैवाल इथे का जमू नये, हा प्रश्न रास्त आहे. त्या प्रश्नाभोवती जे गैरसमज दाटले आहेत, ते मात्र हौदातल्या शेवाळापेक्षा दाट आहेत.

"मग बंद नळ्यांतच करा, पाणीही उडणार नाही"

काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या पारदर्शक नळ्यांत शैवाल वाढवतात, हे खरं. चित्रात ते फार देखणं दिसतं. पण नळी बंद केली की माठाचं पाझरणं बंद झालं. ऊन आत जातं, उष्णता बाहेर पडत नाही, आणि दुपारपर्यंत आतलं पाणी बाहेरच्या हवेपेक्षा जास्त तापतं. मग नळ्यांवर पाण्याचे फवारे मारायचे. ते पाणी उडणार, तेव्हाच नळी गार होणार. आतलं वाचवलेलं पाणी असं बाहेरून खर्ची पडतं, वर पंपाचं वीजबिल.

"शेवाळाला पाणी कमी लागतं"

इथे कागद-पेन घ्यावं. दहा मीटर लांब, दोन मीटर रुंद, वीस सेंटिमीटर पाण्याचा हौद धरा. वीस चौरस मीटर, चार हजार लिटर. मेमध्ये दिवसाला आठ मिलिमीटर पाणी उडालं, तर 160 लिटर गेलं. उत्पन्न चौरस मीटरला रोज आठ ग्रॅम धरू. नवख्याला एवढं आलं तरी पुष्कळ. म्हणजे दिवसाला 160 ग्रॅम कोरडी पूड. ग्रॅमला लिटर, किलोला हजार लिटर!

आकडा ऐकून दचकायला होतं खरं, पण बारामती-इंदापूरच्या माणसाने फार दचकू नये. एक किलो साखरेमागे दीड-दोन हजार लिटर पाणी जातं आणि ते आपण नीरेच्या कालव्यावर पिढ्यानपिढ्या खर्चत आलो आहोत. स्पिरुलिनाच्या कोरड्या पुडीत निम्म्याहून जास्त प्रथिनं असतात, हेही हिशेबात धरा. तेव्हा "पाणी लागतच नाही" हे खोटं आणि "पाण्याची नासाडी आहे" हेही खोटं. वर पन्नास टक्क्यांची शेडनेट टाकली तर उडणारं पाणी कमी होतं आणि डोक्यावरचं ऊनही सुसह्य होतं. डाळिंबवाल्यांना नेट काय करते हे शिकवायला नको.

"खारं, बोअरचं, कसलंही पाणी चालतं"

ही गोष्ट अर्धी खरी आहे, म्हणून जास्त घातक. ड्युनालिएला नावाचं शैवाल मिठागरासारख्या खाऱ्या पाण्यात वाढतं. पश्चिम ऑस्ट्रेलियात त्यापासून बीटा-कॅरोटीन काढतात. स्पिरुलिनालाही क्षार आवडतात, पण ते सोड्याचे. त्याच्या पाण्याचा सामू नऊ-दहाच्या वर असावा लागतो. प्रयोगशाळेतल्या प्रमाण कृतीत लिटरला जवळजवळ सतरा ग्रॅम खायचा सोडा असतो. इतक्या खारट-तुरट पाण्यात बाकीचे जीव तग धरत नाहीत, म्हणून तर उघड्या हौदात त्याचं पीक बऱ्यापैकी निर्भेळ राहतं. लोणारच्या सरोवरात हे आपसूक वाढतं, ते त्याच कारणाने. तेव्हा हे कुणा परदेशी कंपनीने आणलेलं पीक आहे, असंही समजू नये.

इंदापूरकडच्या बोअरचं पाणी अनेकदा वेगळ्याच अर्थाने क्षारयुक्त असतं. जड पाणी. डाळ शिजत नाही, पातेल्याला पांढरा थर धरतो. ते कॅल्शियम-मॅग्नेशियम सोडा घातलेल्या हौदात पडलं की चुन्यासारखं खाली बसतं आणि जाताना स्फुरदही ओढून नेतं. उडालेल्या पाण्याच्या जागी रोज असंच पाणी भरत गेलं तर महिन्याभरात तळाला साका साचतो. पाणी उडतं, क्षार उडत नाहीत. चोपण जमीन पाहिलेल्या शेतकऱ्याला ही गोष्ट एका वाक्यात कळते, प्रकल्प अहवाल लिहिणाऱ्याला कधीकधी कळत नाही.

"उजनी हिरवी झालीय, म्हणजे फुकटचं स्पिरुलिना"

हे मी उजनी धरणाकाठच्या भिगवणला चहाच्या टपरीवर ऐकलंय, आणि सांगणारा अगदी गंभीर होता. वर पुरावाही जोडला, रोहित पक्षी त्यासाठीच येतात म्हणे. आता, स्पिरुलिनावर जगणारा रोहित आहे, पण तो धाकटा, केनियातल्या सोडा-सरोवरांवर लाखोंनी जमणारा. भिगवण-कुंभारगावला हिवाळ्यात दिसतो तो मुख्यतः थोरला रोहित. तो चिखल ढवळून बारीक कवचधारी जीव, अळ्या, बिया गाळून खातो. त्याचा गुलाबी रंग अखेर शैवालातल्या रंगद्रव्यापर्यंत पोचतो, हे मान्य, पण मधे दोन-तीन ताटं आहेत.

उजनीतला हिरवा तवंग ही निराळी भानगड आहे. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून धरणात येतं. त्या नत्र-स्फुरदावर निळं-हिरवं शेवाळ माजतं. त्यात मायक्रोसिस्टिससारख्या जाती असतात आणि त्यांचं विष यकृतावर जातं. उकळल्याने ते विष नाहीसं होत नाही. स्पिरुलिनाही निळ्या-हिरव्यांच्याच कुळातलं, काटेकोर बोलायचं तर शेवाळ नव्हेच, जिवाणू. पण धोतरा आणि वांगं एका कुळातले म्हणून कुणी धोतऱ्याचं भरीत करत नाही. हौदाचं बी ओळखीच्या ठिकाणाहून आणावं, धरणातून बादली भरून नव्हे.

"वाळवंटात सगळं वर्षभर पिकतं"

अमेरिकेने 1978 ते 1996 अशी अठरा वर्षं शैवालापासून डिझेल काढण्याचा सरकारी कार्यक्रम चालवला. न्यू मेक्सिकोतल्या रोझवेलला, वाळवंटी मुलखात, हजार चौरस मीटरचे हौद केले. एखाद्या दिवशी चौरस मीटरला पन्नास ग्रॅमपर्यंत उतारा आला. वर्षाची सरासरी मात्र दहाच्या आसपास बसली. कारण ऊन नव्हे, थंडी. वाळवंटातल्या रात्री गार असतात आणि उथळ हौद रात्रीत निवतो.

बारामतीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा-बारावर येतो. सकाळी आठला ऊन कडक आणि पाणी बर्फासारखं, ही जोडी शैवालाला दुपारच्या बेचाळीस अंशांपेक्षा वाईट. गारठलेली पेशी आलेला प्रकाश वापरू शकत नाही आणि त्याच प्रकाशाने होरपळते. मग सकाळी हौद झाकून ठेवायचा, पाणी कोमट झालं की उघडायचा.

डिझेलचं म्हणाल, तर ते होतं. फक्त पंपावरच्या डिझेलच्या भावात होत नाही.

"कारखान्याचा धूर शेवाळ खाऊन टाकेल"

हा गैरसमज माझा आवडता, कारण त्यात सदिच्छा आहे. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर, पट्टा साखरेचा. डिस्टिलरीत मळी आंबताना निघणारा कार्बन डायऑक्साइड जवळजवळ शुद्ध असतो. एक लिटर इथेनॉलमागे पाऊण किलो. समजा एखादी डिस्टिलरी रोज साठ हजार लिटर काढते. वायू झाला 45 टन. एक किलो कोरड्या शैवालात सुमारे 1.8 किलो वायू मुरतो. म्हणजे सगळा मुरवायचा तर रोज 25 टन शैवाल काढायला हवं, आणि चौरस मीटरला दहा ग्रॅमने त्यासाठी सहाशे एकरांहून जास्त हौद! एवढं करून ते शैवाल कुणीतरी खाणार आणि वायू श्वासावाटे पुन्हा हवेत. थोडासा वायू नळीने हौदात सोडून सोड्याचा खर्च वाचवणं, एवढंच शहाणपणाचं. धुराच्या नावाने अनुदान मागणाऱ्याला हा गुणाकार एकदा करायला लावावा.

"शाकाहाऱ्यांना बी-12 मिळतं"

नाही. स्पिरुलिनातलं बहुतांश बी-12 आपल्या शरीराला न चालणारं, नुसतं दिसायला तसं असतं. रक्ततपासणीवर विसंबून गोळी घ्यावी.

"माल कंपनी उचलते"

उचलण्याआधी माल तयार करण्याचं शेवटचं काम बायकांच्या हातात येतं आणि तिथेच खरं कौशल्य आहे. सकाळी हौदातलं पाणी बारीक जाळीच्या कापडातून गाळायचं. उरतो तो चक्क्यासारखा हिरवागार गोळा, त्यात पाचातले चार भाग पाणीच. तो दाबून, सोऱ्यातून शेवया पाडायच्या आणि ट्रेवर वाळत घालायच्या. बारामतीच्या कोरड्या उन्हात त्या लवकर कडक होतात, कोकणात किंवा श्रावणात आंबतात. धूळ, मुंग्या आणि शेजारच्या रस्त्यावरून जाणारे उसाचे ट्रॅक्टर सांभाळायचे. उशीर झाला की माशांसारखा वास सुटतो आणि तो वास पुडीतून जात नाही.

आमच्या ओळखीच्या एका घरी चार हौद बांधून झाले होते. बी, जाळी, पंखे, प्रशिक्षण, सगळं एकाच ठिकाणाहून घेतलेलं आणि माल परत घेण्याचा करार शंभराच्या स्टॅम्पपेपरवर. पहिले दोन महिने माल उचलला गेला. मग "ओलावा जास्त आहे", मग "रंग कमी आहे", मग फोन बंद. त्या घरातल्या म्हाताऱ्याने इमूपालनाची लाट पाहिली होती. तो म्हणाला, "त्या वेळी निदान अंडं तरी दिसत होतं."

पीक वाईट नव्हतं. त्यांच्या शेवया मी खाल्ल्यात, चवीला मातकट पण स्वच्छ. आता एका हौदात गाईंसाठी अझोला आहे, दोन कोरडे आहेत, आणि चौथ्यात घरच्यापुरतं स्पिरुलिना अजून काढतात, आठवड्याला किलोच्या आतबाहेर. ते ज्वारीच्या पिठात मिसळतात, म्हणून त्यांच्या भाकरीला किंचित हिरवी झाक असते.