दाताचे डॉक्टर : कोण कशासाठी?

दाढ ठणकायला लागली की आपण बायका काय करतो? लवंग धरतो. मुलाची असेल तर लगेच रिक्षा. स्वतःची असेल तर 'दिवाळी होऊ दे, मग बघू!' आणि अगदीच असह्य झाले की डॉक्टरांना सांगतो, 'काढूनच टाका एकदाची.'

पण मैत्रिणींनो, काढलेली दाढ परत येत नाही. म्हणून आधी दवाखान्याची पाटी नीट वाचा. बी.डी.एस. ही दंतवैद्यकाची पदवी. एम.डी.एस. म्हणजे त्यापुढे आणखी 3 वर्षे एकाच शाखेचा अभ्यास. नुसते 'एम.डी.एस.' वाचून भागत नाही. कोणत्या विषयात, ते विचारावे.

पहिल्यांदा मात्र आपल्या नेहमीच्या बी.डी.एस. डॉक्टरांकडेच जावे. दात साफ करणे, कीड काढून दात भरणे, साधे रूट कॅनाल, साधा दात काढणे ही कामे ते करतात. पुढची गरज असेल तर तेच चिठ्ठी देतात. लहान गावांत तज्ज्ञ डॉक्टर ठराविक वारी त्यांच्याच दवाखान्यात येतात, चौकशी करावी.

तज्ज्ञ कधी लागतात?

• रूट कॅनाल करूनही दुखते : एंडोडॉन्टिस्ट.

• हिरड्यांतून वरचेवर रक्त येते, दात हलतात : पेरिओडॉन्टिस्ट.

• दात पुढे किंवा वेडेवाकडे : ऑर्थोडॉन्टिस्ट. मूल सात वर्षांचे झाले की एकदा दाखवावे.

• अक्कलदाढ आडवी अडकली, जबड्याला मार लागला : ओरल सर्जन.

• बरेच दात पडलेत, नीट बसणारी कवळी हवी : प्रॉस्थोडॉन्टिस्ट.

• मूल खुर्चीवर बसायलाच तयार नाही : मुलांचे दंततज्ज्ञ, पेडोडॉन्टिस्ट.

मुलांबाबत एक लक्षात ठेवा. सहाव्या वर्षाच्या सुमारास सर्वांत मागे जी दाढ येते, ती दुधाची नव्हे, कायमची! कोणताही दात न पडता येते, म्हणून आई फसते आणि 'पडणारच आहे' म्हणून किडू देते.

घरात कुणाला तंबाखूची, गुटख्याची किंवा मिशरीची सवय असेल, तर त्यांचे तोंड बघत जा. पांढरा-लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, तोंड पूर्ण न उघडणे, यांपैकी काहीही दिसले तर दुखायची वाट पाहू नका. दुखत नाही म्हणून धोका नाही, असे नसते.

खर्चाची धास्ती वाटते ना? मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे सरकारी दंत महाविद्यालये आहेत. तिथे या शाखांचे तज्ज्ञ एकाच छताखाली भेटतात आणि खर्चही खासगीपेक्षा बराच कमी येतो. रांगेत वेळ जातो, तेव्हा डबा बरोबर असू द्यावा.

आणि दाढ काढायची ठरलीच, तर आधी एकच प्रश्न विचारा : 'ही वाचवता येईल का? आणि कोण वाचवेल?' चांगल्या डॉक्टरांना या प्रश्नाचा राग येत नाही.