काझीचे दफ्तर

उर्दू निकाहनाम्यात मेहरच्या, म्हणजे पतीने पत्नीस द्यावयाच्या, रकमेपुढे एक लहानसा शब्द येतो. तो ‘ऐन’ या अक्षराने लिहिला तर ती रक्कम पत्नीने मागताक्षणी देय होते, ‘हमजा’ने लिहिला तर तलाक किंवा पतीचा मृत्यू होईतो ती बाकी राहते, आणि उच्चारात मात्र दोहोंतला भेद कानास क्वचितच कळतो. शरीअत म्हणजे केवळ हात तोडण्याची शिक्षा, असा ज्यांचा समज आहे त्यांनी काझीच्या दफ्तरातील हा दस्तऐवज अवश्य पाहावा. शरीअत या मूळ अरबी शब्दाचा अर्थ पाणवठ्याकडे नेणारी वाट. नमाज, रोजा, जकात, विवाह, वारसा आणि कर्ज या साऱ्यांतून ती जाते.

या वाटेवर काझीचा अंमल किती? 1880 च्या कायद्याने सरकारला काझी नेमण्याची मुभा दिली, पण त्या नेमणुकीने न्यायदानाचा अधिकार प्राप्त होत नाही, हेही त्याच कायद्यात नमूद केले. तंटा उपस्थित झाला की तो दिवाणी कोर्टात जाई. 1847 साली मुंबईत खोजा मुलींनी कुराणाच्या आधारे पित्याच्या मालमत्तेत हिस्सा मागितला, तेव्हा न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांनी जमातीचा रिवाज ग्राह्य धरून तो नाकारला. अशा रिवाजांना बाजूस सारणारा शरीअत कायदा यावयास 1937 साल उजाडावे लागले. पुढे वकिलांच्या फडताळात या विषयाचे जे ग्रंथ मानाने विराजले, त्यांपैकी एकाचे कर्ते दिनशा मुल्ला पारशी होते, तर दुसऱ्याचे असफ फैजी सुलेमानी बोहरा.

वारशाप्रमाणे तलाकाचा प्रश्नही पुढे आला: 1966 साली समाजसुधारक हमीद दलवाई सात मुस्लिम स्त्रियांसह सचिवालयावर मोर्चा घेऊन गेले, तो तोंडी तलाकाविरुद्धच; एका दमात दिलेला तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरविला 2017 साली.

भारताबाहेरही असाच प्रश्न आहे: 1982 साली स्थापन झालेल्या लंडनमधील इस्लामिक शरीआ कौन्सिलकडे मुख्यत्वे धार्मिक विवाहबंधनातून मोकळीक मागणाऱ्या स्त्रियाच येतात. तिच्या निर्णयास इंग्रजी कायद्याचे बळ नाही. आपल्याकडील दारुल कझा या शरीअत-निवाडा मंडळांविषयी सर्वोच्च न्यायालयाने 2014 साली हेच सांगितले: सल्ला घ्यावा, सक्ती नाही. टेम्सकाठी आज जो प्रश्न नवा वाटतो, तो मुंबईने शतकापूर्वीच हाताळला आहे.

म्हणून निकाहाच्या मजलिशीत बसणाऱ्या वडीलधाऱ्यांस एवढीच विनंती, की सही करण्यापूर्वी मेहरपुढचा तो शब्द मुलीला वाचून दाखवावा आणि त्याचा अर्थही सांगावा.