सर्व्हर बदलला आणि मेल येईना? आधी हे तपासा

मेल सर्व्हर बदलल्यावर फोन 'पासवर्ड चुकीचा' म्हणतो, तेव्हा मी आधी ब्राउझरमध्ये वेबमेल उघडून बघतो. तिथे लॉगिन झालं, तर पासवर्ड बरोबर आहे. गडबड फोनच्या सेटिंगमध्ये आहे. मग इनकमिंग आणि आउटगोइंग, दोन्ही सर्व्हरची नावं नवीन टाका. आयमॅपसाठी पोर्ट ९९३, एसएमटीपीसाठी ५८७ किंवा ४६५. मेल येतात पण जात नाहीत? आउटगोइंगचं ऑथेंटिकेशन सुरू आहे का बघा.

जुनं खातं मात्र लगेच डिलीट करू नका. पीओपी असेल तर जुने मेल फक्त त्याच डिव्हाइसवर असू शकतात. आधी बॅकअप घ्या. काही मेल थोडे दिवस जुन्या सर्व्हरवरही जाऊ शकतात. तिथलं वेबमेलही बघत राहा.