पोलीस आणि लोक

गावात शांतता असते, तेव्हा पोलिसाचे अस्तित्व कोणाच्या फारसे ध्यानी येत नाही. भांडण पेटले, की मात्र सर्वांना त्याची आठवण होते. आणि तो येतो, तेव्हा त्याच्या हाती काठी असते. म्हणून पुष्कळांच्या मनात पोलिसाविषयी आदरापेक्षा भय अधिक असते. परंतु भयाने आलेली शांतता पोलिसाची पाठ वळेपर्यंतच टिकते. टिकाऊ शांतता विश्वासातून उपजते. भिवंडी शहराचा इतिहास या गोष्टीची साक्ष देतो.

वसईजवळच्या सांडोर गावाहून पूर्वेकडे निघाले, की कामणमार्गे भिवंडीस जाता येते. भिवंडी हे यंत्रमागांचे शहर. तेथील हिंदू व मुसलमान एकाच धंद्यावर पोट भरतात. एकाचे काम अडले, तर दुसऱ्याचा मागही थांबतो. असे असूनही १९७० आणि १९८४ साली तेथे भीषण दंगली झाल्या. कित्येक माणसे प्राणांस मुकली. घरे आणि माग जळून गेले.

१९८८ साली सुरेश खोपडे हे पोलीस उपायुक्त म्हणून भिवंडीत आले. दंगल शमविण्यापेक्षा ती होऊच न देणे श्रेयस्कर, असा विचार त्यांनी केला. शांतता समित्या पूर्वीही होत्या. परंतु त्यांत प्रतिष्ठितांचाच भरणा असे आणि सण जवळ आले, की त्यांच्या बैठका होत. खोपडे यांनी मोहल्ल्यामोहल्ल्यांत समित्या स्थापन केल्या. अशा सुमारे ७० समित्या उभ्या राहिल्या. त्यांत दोन्ही धर्मांची साधी, कष्टकरी माणसे होती. पोलीस अधिकारी त्यांच्यात येऊन बसत आणि त्यांची गाऱ्हाणी ऐकून घेत.

अशा बैठकींनी काय साधले? दंगलीचे मूळ बहुधा एखाद्या क्षुल्लक तंट्यात असते आणि अफवा त्याला वारा घालते. अनोळखी माणसाविषयीची अफवा चटकन खरी वाटते; नित्य भेटणाऱ्या शेजाऱ्याविषयी मात्र आपण प्रथम चौकशी करतो. ज्याला आपण नावाने ओळखतो, त्या पोलिसाला जाऊन विचारण्याचा संकोचही वाटत नाही. अशा रीतीने ठिणगी पडताच ती विझविणे शक्य झाले.

या प्रयोगाची कसोटी १९९२ च्या डिसेंबर महिन्यात लागली. अयोध्येतील बाबरी मशीद पाडली गेल्यानंतर मुंबईत दंगली उसळल्या. त्या डिसेंबरच्या आणि पुढील जानेवारीच्या दंगलींत मिळून सुमारे ९०० माणसे मृत्युमुखी पडली. परंतु एके काळी दंगलींसाठी कुप्रसिद्ध असलेली भिवंडी शांत राहिली. पुढे मुंबईतही मोहल्ला समित्यांचे कार्य सुरू झाले. ज्युलिओ रिबेरो आणि सतीश साहनी या ज्येष्ठ पोलीस अधिकाऱ्यांनी त्यात पुढाकार घेतला.

मात्र विश्वास एकदा मिळविला, म्हणजे तो कायमचा राहतो असे नाही. २००६ साली त्याच भिवंडीत एका नव्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून जमाव आणि पोलीस समोरासमोर आले. पोलिसांच्या गोळीबारात दोन माणसे मरण पावली आणि जमावाने दोन पोलिसांचे प्राण घेतले. विहिरीतील गाळ वेळोवेळी उपसावा लागतो, तशीच मनांतील अढीही वेळोवेळी दूर करावी लागते.

पोलिसाच्या अंगावर गणवेश असला, तरी तोही आपल्यासारखाच माणूस असतो. त्याने लोकांचे दुःख जाणावे आणि लोकांनी त्याच्या कार्यात साहाय्य करावे. ज्या वस्तीत आई आपल्या मुलाला पोलिसाचा धाक घालीत नाही, तर अडचणीत त्याच्याकडे जाण्यास सांगते, त्या वस्तीत कायद्याचे राज्य खऱ्या अर्थाने नांदते.