अल्झायमरची साखळी तोडायची कुठे?

मेंदूतल्या चेतापेशींच्या आवरणात एपीपी नावाचं लांबलचक प्रथिन रुतलेलं असतं. बीटा सिक्रेटेज आणि गॅमा सिक्रेटेज ही दोन एन्झाइम्स ते दोन जागी कापतात. मधून सुटतो तो तुकडा म्हणजे अमायलॉइड बीटा. बहुतेक तुकडे ४० अमिनो आम्लांचे असतात, काही ४२ चे. हे ४२ वाले जास्त चिकट. ते एकमेकांना धरतात आणि शेवटी पेशींबाहेर त्यांचे थर साचतात. अलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये वर्णन केलेले डाग ते हेच.

मग कात्रीच बंद पाडली तर? तेही करून झालं. गॅमा सिक्रेटेज रोखणाऱ्या सेमागासेस्टॅटची चाचणी २०१० मध्ये थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांची अवस्था उलट जास्त बिघडत होती. हे एन्झाइम एकट्या एपीपीसाठी थोडंच असतं? पेशींना लागणारं नॉच हे प्रथिनही तेच कापतं.

वेगळा धागा मिळाला तो उत्तर स्वीडनमधल्या एका कुटुंबात. तिथे हा आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. संशोधक लार्स लानफेल्ट यांच्या गटाने २००१ मध्ये त्याचं मूळ प्रसिद्ध केलं: अमायलॉइड बीटात २२व्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी ग्लायसिन. बदल एवढाच. गंमत म्हणजे या लोकांच्या रक्तात अमायलॉइड बीटा इतरांपेक्षा कमीच होतं. पण परीक्षानळीत ते भराभर जुळून प्रोटोफायब्रिल बनवत होतं. प्रोटोफायब्रिल म्हणजे थर साचण्याआधीचे, अजून विरघळलेलेच असलेले पुंजके. तुकडे किती, यापेक्षा ते कोणत्या रूपात आहेत हे बघायला हवं होतं.

या पुंजक्यांना घट्ट धरणारं प्रतिपिंड आधी उंदरांत तयार केलं, मग माणसाला चालेल असं बदललं. तेच लेकानेमॅब. सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी शिरेतून देतात. १,७९५ जणांच्या चाचणीत १८ महिन्यांनी आजाराची घसरण २७ टक्के मंदावली. आकडा भारदस्त वाटतो, पण १८ गुणांच्या मोजपट्टीवर हा फरक ०.४५ गुणाचा. घरच्यांना तो जाणवेलच असं मला वाटत नाही. शिवाय काहींच्या मेंदूला सूज येते, बारीक रक्तस्राव होतो. एपीओई४ जनुकाच्या दोन प्रती असणाऱ्यांना हा धोका सर्वांत जास्त, म्हणून आधी जनुक तपासतात आणि पुढे एमआरआय करत राहतात.

चेतापेशींच्या आतल्या टाऊ प्रथिनाच्या गाठी हे औषध थेट सोडवत नाही, आणि स्मृतिभ्रंशाचा मेळ थरांपेक्षा त्या गाठींशी जास्त बसतो. म्हणूनच, त्या गाठी वाढण्याआधीच उपचार करून पाहावा म्हणून, आता लेकानेमॅबची चाचणी मेंदूत अमायलॉइड साचलंय, पण अजून काहीच विसरत नाहीत, अशा लोकांवर चालू आहे.