रुई, रंग आणि रसायन

दिवाळीनंतर पूर्णा तालुक्यात कापसाच्या वेचणीस जोर आला, म्हणजे या भागातील जिनिंगच्या आवारात गाड्यांची रांग लागते, आणि ओलावा व काडीकचरा पाहून निरनिराळे मांडलेले ढीग क्रमाक्रमाने यंत्रांकडे सरकू लागतात. चामड्याच्या चकत्यांची लाट एकसारखी फिरत असते; तिला भिडून एक पाते स्थिर बसविलेले असते, तर दुसरे वरखाली होऊन सरकीवर अखंड आघात करीत असते. तंतू लाटेस चिकटून पुढे ओढले जातात आणि सरकी अलीकडेच अडून खाली गळते. 100 किलो कापसातून सुमारे 34 किलो रुई निघते. ती दाबून सुमारे 170 किलोंची एकेक गाठ बांधली, की जिनिंगचे काम संपले.

निजामाच्या अमदानीत हा माल मुंबईच्या वाटेस लागला, म्हणजे रियासतीच्या करोडगिरीचा हिशेब चुकवून छोट्या रुळांच्या गाडीने मनमाडास जाई, व तेथे मोठ्या रुळांच्या वाघिणीत पुन्हा भरला जाई. ज्या मुंबईकडे तो निघे, तेथे 1879 साली नवरोजी नसरवानजी वाडिया यांनी बॉम्बे डाइंग या कंपनीची स्थापना केली होती. 1736 मध्ये सुरतेहून येऊन गलबते बांधणाऱ्या लवजी वाडियांच्या घराण्यातील या गृहस्थांचा उद्योग प्रथमतः अगदी मर्यादित होता: सुताच्या लडी हातांनी रंगात बुडवावयाच्या आणि उन्हात वाळवावयाच्या.

परंतु सुती धाग्यावर पक्का लाल रंग चढविणे हे मूलतः रसायनाचेच कर्म होय. मंजिष्ठेच्या मुळातील रंगद्रव्य सुतास आपण होऊन घट्ट धरीत नाही. आधी तेलाचे व तुरटीचे संस्कार करावे लागतात, तेव्हा कोठे तो रंग धुण्यास टिकतो. हेच द्रव्य कारखान्यात सिद्ध करण्याची कृती जर्मन रसायनशास्त्रज्ञांना या कंपनीच्या जन्मापूर्वी दहाएक वर्षे सापडली होती. म्हणून पुढे सूतकताई, विणकाम व चादरी यांत नाव कमावलेल्या याच कंपनीने 1980 च्या दशकात रायगड जिल्ह्यातील पाताळगंगा येथे डायमिथाइल टेरेफ्थलेटचा कारखाना उभारला, यात मला विसंगती दिसत नाही; रंगाऱ्याच्या घरात रसायन पहिल्या दिवसापासून नांदत होते.

विसंगती दिसते ती निराळ्या ठिकाणी. डायमिथाइल टेरेफ्थलेट हा पॉलिएस्टरचा कच्चा माल, आणि पॉलिएस्टर हा कापसाचा प्रतिस्पर्धी. जिनिंगच्या आवारात कापूस घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या अंगातही पुष्कळदा टेरीकॉटचाच सदरा असतो, कारण तो लवकर वाळतो, चुरगळत नाही आणि अधिक दिवस टिकतो. ही निवड शहाणपणाचीच आहे. मात्र तिची झळ त्याच्याच मालाच्या मागणीस लागते.

घराण्याच्या भांडवलास गलबतांकडून सुताकडे आणि सुताकडून रसायनाकडे पिढीगणिक वळता आले, आणि प्रत्येक वळणावर आपल्या जिनसाची किंमत सांगण्याचा काही अधिकार त्याच्या हाती राहिला. येथील कास्तकारही कापूस सोडून सोयाबीन पेरतो. पण पीक पालटले तरी भाव बोलणारा समोरचाच असतो.